पवनेच्या वाहत्या पाण्यात आणखी कोण राहते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पिंपरी-चिंचवड शहराचे पाणी नदीऐवजी नळातून नेण्यासाठी आखलेल्या, पवना धरणापासून निगडीपर्यंतच्या बंद जलवाहिनीविषयी आपल्या दैनिकात अधूनमधून बातम्या आणि पत्रे येत असतात. त्यांत शेतीच्या उपशाचा, शहराच्या तहानेचा, खर्चाचा आणि वाटेत होणाऱ्या पाणीनाशाचा विचार असतो आणि तो असायलाच हवा. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे याच प्रश्नावरच्या आंदोलनात गोळीबार होऊन तीन शेतकऱ्यांचे प्राण गेले, हे मावळातला कोणीही विसरलेला नाही. त्यामुळे या विषयावर लिहायला बसले की हात आखडतो. मी शेतकरी नाही आणि जलवाहिनी व्हावी की न व्हावी याचा निवाडा करण्याचा माझा अधिकारही नाही. पण या सगळ्या पत्रव्यवहारात एका पक्षाची बाजू अद्याप कोणी मांडलेली माझ्या वाचनात आली नाही. तो पक्ष म्हणजे धरण आणि रावेतचा बंधारा यांच्या दरम्यान नदीत राहणारे मासे. ते माझ्या परिचयाचे आहेत, कारण निवृत्तीनंतरची पंधरा वर्षे मी त्यांना पिसांच्या बनावट माशीने पकडून पुन्हा पाण्यात सोडत आलो आहे.

‘फ्लाय फिशिंग’ हा प्रकार आपल्याकडे फारसा रुळलेला नाही, म्हणून दोन शब्द सांगतो. नेहमीच्या गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात आणि शिशाच्या वजनाने ती लांब फेकतात. दोरा त्या वजनामागून जातो. येथे आमिषाला वजन जवळजवळ नसतेच, कारण ते म्हणजे बारीक गरीवर दोऱ्याने गुंडाळून बांधलेली कोंबड्याच्या मानेची दोन-चार पिसे आणि चिमूटभर लोकर. वजन असते ते जाड, गुळगुळीत दोरीत, आणि नऊ फुटांची लवचीक काठी मागे-पुढे झुलवून ती दोरी हवेत उलगडावी लागते. मागे गेलेली दोरी पुरती सरळ होईपर्यंत थांबता येणे हीच यातली विद्या आहे. घाई केली की चाबूक ओढल्यासारखा आवाज होतो, माशी तुटते आणि मागच्या करंजावर जाऊन बसते. ही विद्या मी १९९४ साली नोकरीनिमित्त हिमाचल प्रदेशात असताना तीर्थन नदीच्या काठी शिकलो. तिथे ट्राउट होता. तो थंड पाण्याचा मासा, इंग्रजांच्या काळात बाहेरून आणून हिमालयातल्या नद्यांत सोडलेला. आपल्या उन्हाळ्यात तो तगायचा नाही. त्यामुळे तळेगावला घर केले तेव्हा काठी माळ्यावर टाकून द्यायची, असेच मी ठरवले होते.

तो विचार बदलला तो २००९ सालच्या कार्तिकातल्या एका सकाळी. थुगावच्या खालच्या अंगाला नदी एका खडकाळ उतारावरून खळाळत येते आणि मग वाळुंजांच्या सावलीत संथ होते. धुके उठायचे होते. त्या संथ पाण्यावर जिकडेतिकडे बारीक वर्तुळे उमटत होती, पाऊस सुरू व्हावा तशी, आणि आकाश तर निरभ्र होते. बघता बघता लक्षात आले की पाण्यातून वर येणारी चिलटे टिपण्यासाठी अळकुटे, म्हणजे इथले लहानसे मासे, पृष्ठभागाला तोंड लावत होती. मी दुसऱ्या दिवशी काठी घेऊन गेलो आणि ज्वारीच्या दाण्याएवढी राखाडी माशी त्या वर्तुळांत टाकली. तासाभरात चौदा अळकुटे हाती लागली, त्यांतले मोठ्यात मोठे माझ्या वितीएवढेसुद्धा नव्हते. काठावर पागेरे, म्हणजे फेकायचे जाळे, खांद्यावर घेतलेले एक वयस्क भोई काका हा सारा प्रकार पाहत होते. “साहेब, माशीनं कुठं मासा घावतो व्हय?” असे ते आधी म्हणाले होते, चौदावे अळकूट पाण्यात सोडल्यावर ते म्हणाले, “घावतो खरा, पर तुमी खात न्हाई, मग हा खटाटोप कशापायी?” त्यांना मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही. पुढे त्यांच्याच होडीतून, त्यांच्याच संस्थेच्या परवानगीने मी हिंडलो, आणि पाणी वाचायला मला त्यांनीच शिकवले. खडकामागे पाणी कुठे उलटे फिरते, फेसाची रेघ कोणत्या बाजूने जाते, मरळ पिल्लांवर कधी बसते, हे सारे त्यांचे ज्ञान आहे.

दुसरा दिवस एप्रिलमधला आहे आणि तो मी आयुष्यात विसरणार नाही. त्याच नदीवर, जरा वरच्या अंगाला, जिथून तिकोना किल्ला त्रिकोणासारखा स्पष्ट दिसतो, तिथे एका डोहावर उंबराचे झाड ओणवे झालेले आहे. उंबरे पिकली की ती एकेक करून पाण्यात पडतात. टप्प, असा जड आवाज होतो आणि फळ बुडण्याआधीच खालून एक सावली सरकते. काकांनी ती सावली मला दाखवली आणि हलक्या आवाजात म्हणाले, “महसीर.” मोठ्या खवल्यांचा, जाड ओठांचा हा आपल्या डोंगरी नद्यांचा राजा. उंबर, जांभूळ अशी काठावरची फळे तो आवडीने खातो हे मी ऐकून होतो, पण डोळ्यांनी प्रथमच पाहत होतो. माझ्या पेटीतल्या एकाही माशीकडे त्याने ढुंकून पाहिले नाही. आठ दिवसांनी मी पुन्हा गेलो तो विटकरी लोकरीचा गोळा कातरून, गरीवर घट्ट बांधून, हुबेहूब उंबर करूनच. नाव माशीचे आणि रूप फळाचे, असला तो प्रकार होता. ती लांब फेकायची नव्हती. फांदीखाली, फळ पडते तसा टप्प आवाज करून आपटायची होती, आणि तीर्थनवर शिकलेली सारी नजाकत तिथे निरुपयोगी होती.

तिसऱ्या आपटीला पाणी फुगले. त्यानंतर जे झाले त्याला मासा पकडणे म्हणणे धाडसाचे ठरेल, कारण पुढची काही मिनिटे मीच पकडलेला होतो. रिळावरची सगळी दोरी एका दमात गेली, मी गुडघाभर पाण्यात शेवाळलेल्या दगडांवरून धडपडत तिच्यामागे गेलो, आणि समोरच्या काठाच्या मुळ्यांत दोर अडकून तुटला. माशी शिंकली, असे म्हणून काका हसले आणि मलाही हसू आले. पुढच्या रविवारी मात्र त्याच फांदीखाली दुसरा, लहान महसीर लागला आणि तो काठापर्यंत आला. काकांच्या अंदाजाने दोन किलोंचा असेल. पाठ शेवाळी, कुशीवरचे खवले सोनेरी आणि एकेक रुपयाच्या नाण्याएवढे, पंख किंचित तांबूस. त्याला मी पाण्याबाहेर काढले नाही. गरीचे उलटे काटे मी चिमट्याने आधीच दाबून टाकलेले असतात, त्यामुळे ती सहज सुटली. मग दोन्ही हातांनी त्याला प्रवाहाच्या तोंडाशी धरून ठेवले. कल्ल्यांची उघडझाप संथ झाली, शेपटीत बळ आले आणि माझ्या मनगटावर पाणी उडवून तो गेला.

आता मूळ मुद्दा. तो मासा एप्रिलमध्ये तिथे होता, कारण एप्रिलमध्ये तिथे वाहते पाणी होते. पिंपरी-चिंचवड शहराचे पाणी धरणातून नदीत सोडले जाते आणि रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलले जाते. म्हणजे मधली सारी नदी हाच आज शहराचा कालवा आहे. यामुळे पाण्याचा काही भाग वाटेत जातो, वाटेतच मैला मिसळतो, हे आक्षेप खोटे नाहीत. पण या व्यवस्थेचा एक अनपेक्षित परिणाम असा की पवना उन्हाळ्यातही वाहती राहते. आमच्याच तालुक्यात एक लहान नदी आहे, तिचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. दिवाळीत तिच्यावरही मी अळकुटे आणि खडकांना चिकटून राहणारे मळे नावाचे मासे पाहिले आहेत. होळीनंतर तिथे गेलो तर प्रवाह थांबून नुसती डबकी उरलेली असतात, त्यांत चिलापीची पोरे आणि भोवती वंचक बगळ्यांची रांग. एका वर्षी तिथल्या शाळकरी मुलांबरोबर मी बादल्या भरभरून आटत्या डबक्यातले मासे खालच्या डोहात नेऊन टाकले. पंधरा दिवसांनी तो डोहही आटला.

महसीरला नुसते साठलेले पाणी पुरत नाही. पावसाळ्यात तो प्रवाहाच्या उलट चढतो, गोट्यांच्या तळावर अंडी घालतो, आणि ती अंडी जगायला स्वच्छ, हलते, प्राणवायू असलेले पाणी लागते. त्यातून निघालेल्या पिल्लांना पुढचा उन्हाळा काढायचा असतो. धरणाने त्याची वरची वाट आधीच तोडलेली आहे. खाली उरला आहे तो एवढाच तुकडा. उद्या शहराचे पाणी नळातून गेले, तर या तुकड्यात किती पाणी राहील? सिंचनाच्या पाळीपुरते राहील, असे उत्तर मिळते. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत माशाने काय करावे, याचे उत्तर मिळत नाही.

यावर कोणी म्हणेल की मासे कमी झाले तर बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, आणून सोडता येतील, लोणावळ्याचे केंद्र हाकेच्या अंतरावर आहे. टाटांच्या त्या वळवण येथील केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीरची पैदास केली जाते, ते काम मोठे आहे आणि त्याविषयी मला आदरच आहे. पण तिथली बोटुकली ज्या दूरच्या नद्यांत गेली त्यांत कावेरीही होती, आणि तिथल्या मूळच्या, पाठीवर उंचवटा असलेल्या महसीरच्या ऱ्हासामागे आपल्या या पाहुण्याचाही वाटा आहे असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. तो कावेरीचा महसीर आज नामशेष होण्याच्या अगदी काठावर आहे. म्हणजे मासे सोडणे हे वाटते तितके निरुपद्रवी काम नाही, आणि पाणीच नसेल तर ते निरर्थकही आहे.

हे मासे कोणी ऐरेगैरे नाहीत, हेही सांगितले पाहिजे. मुंबई सरकारच्या सेवेतील कर्नल साइक्स यांनी १८३९ साली दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनी आपल्या महसीरचा नमुना घेतला तो पुण्याच्या मुळा-मुठेतून, आणि त्याला नाव दिले ‘खुद्री’. आज जगभरचे शास्त्रज्ञ याला ‘टॉर खुद्री’ म्हणतात. याच साइक्सना चाकणजवळच्या इंद्रायणीत एक विचित्र नाकाडाचा मासा मिळाला, त्याचे नाव त्यांनी ‘नुक्ता’ ठेवले. ‘अळकुटी’, ‘कोळस’, ‘रोहटी’ अशी इथल्या बोलीतली नावे लॅटिनच्या पंक्तीला त्यांनीच बसवली. माझ्या भोई काकांना साइक्स ठाऊक नाही, पण साइक्सला ज्यांनी ही नावे सांगितली ते काकांचेच कोणी पूर्वज असणार, असे मला नेहमी वाटते. पवना पुढे दापोडीला मुळेलाच मिळते. तेव्हा हे सगळे एकाच घराण्याचे पाणी आहे.

माझी बाजू निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. माझे शेजारी माळकरी आहेत. जो मासा खायचा नाही त्याला गरी टोचून दमवायचे आणि मग सोडायचे, यात पुण्य ते कसले, असे त्यांनी मला एकदा विचारले. पुण्य नाहीच, हे मी मान्य केले. सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असेही नाही. पाणी तापलेले असेल तर दमलेला मासा नंतर मरू शकतो. म्हणून मार्चनंतर मी सकाळी नऊला काठी आवरतो आणि मे महिन्यात ती बाहेरच काढत नाही. जांभळे पाण्यात पडत असतात तेव्हा तो मोह मोठा असतो, हे कबूल करतो. आमच्यासारख्या हौशी लोकांतलेही काही जण काठावर नायलॉनच्या दोऱ्याची जाळी आणि वेफर्सची पाकिटे टाकून जातात. अशाच एका दोऱ्यात पाय गुंतलेला खंड्या मी कात्रीने सोडवला आहे, आणि त्या दिवशी मला काठी हातात धरायची लाज वाटली होती.

परंतु हौशी गळवाल्याला हटकले जाते आणि खरा घात करणारे अंधारात सुटतात, हेही अनुभवाचे आहे. पाच वर्षांपूर्वी त्याच उंबराच्या डोहावर मी पहाटे पोहोचलो, तर काठाच्या गवतात वितीच्या आतली शेकडो पिल्ले पांढरी पोटे वर करून पडलेली होती. वाम होत्या, शिंगटे होते आणि दोन महसीरही होते. कोणी जिलेटिन वापरले की ब्लीचिंग पावडर टाकली, ते मला कळले नाही. जे न्यायचे ते मोठे मासे रात्रीच नेलेले होते आणि उरलेले टाकून दिले होते. काका काठावर बराच वेळ उकिडवे बसून होते. त्यांचा तो पुढच्या महिन्याभराचा रोजगार होता. पाण्यात स्फोट करून किंवा विष कालवून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यानेच गुन्हा ठरलेले आहे. सव्वाशे वर्षांच्या या कायद्याची आठवण नदीकाठच्या एकाही गावात फलकावर लिहिलेली मला दिसली नाही. पहिल्या पावसात ओढ्यांच्या तोंडाशी चढणीचे मासे, पोटात गाभोळी असताना, टोपल्यांनी धरले जातात, त्याबद्दल तर बोलण्याचीच सोय नाही, कारण ती आपली सर्वांची आवडती मेजवानी आहे. लहानपणी मीही ती खाल्ली आहे. तरीही धरणाखालच्या ओढ्यांची चार-सहा मुखे तरी जून ते ऑगस्ट सोडून द्यावीत आणि ती कोणती, हे तिथल्या मच्छीमार संस्थांनीच ठरवावे, असे मला वाटते. बाहेरून येऊन काठी झुलवणाऱ्यांकडून त्या संस्थांनी रीतसर शुल्क घ्यावे; मी ते आनंदाने देईन, आणि मासे जिवंत सोडण्यात गावालाही काही मिळकत असेल तर रात्रीच्या त्या मंडळींवर नजर ठेवायला गावच पुरेसे आहे.

जलवाहिनीचा निर्णय ज्यांना घ्यायचा आहे त्यांनी तो घ्यावा. पण जलवाहिनी होवो अथवा न होवो, वर्षाच्या कोणत्याही दिवशी धरणाखालच्या नदीत किमान किती पाणी वाहते राहील, तो आकडा आधी ठरवून लेखी जाहीर करावा, आणि तो ठरवताना शेतकऱ्यांचे पंप जसे मोजले जातील तसेच भोई कुटुंबे आणि हा उंबराचा डोहही मोजावा, एवढी माझी विनंती आहे. सध्या पाणी किती आहे हे मी डोहातल्या एका खडकावरून ओळखतो. त्याची पांढरी रेघ दिसली की पाणी कमी. खडकावर पाणकावळा पंख वाळवत बसलेला दिसला की फारच कमी. यापेक्षा बरे मापन शासनाकडे असणारच.

आपल्यालाही एक विनंती आहे. पावसाळ्यात आपण धरणसाठ्याची चौकट रोज छापता: पवना इतके टक्के, मुळशी इतके, खडकवासला इतके. ती चौकट उन्हाळ्यातही चालू ठेवावी आणि प्रत्येक धरणापुढे आणखी एक रकाना द्यावा: आज नदीत सोडलेले पाणी, क्युसेकमध्ये. जागा फार लागणार नाही. सकाळी काठी घेऊन निघण्यापूर्वी मी तो रकाना पाहीन, आणि काकांना वाचता येत नसल्यामुळे होडीत बसल्यावर त्यांना वाचून दाखवीन.

कळावे,
आपला विश्वासू,
पवनाकाठचा एक वाचक
तळेगाव दाभाडे